घरभर केस आणि झाडू एकटीच्या हाती

पत्राचा सारांश

धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून ४७ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. घरात त्या, शेती बघणारे पती आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. ताई घरीच ब्लाउज शिवतात. चार वर्षांपूर्वी मुलाने हट्टाने पांढरं पॉमेरियन पिल्लू आणलं आणि नाव ठेवलं कापूस. मुलगा गेल्या वर्षी शिकायला पुण्याला गेला, कापूस इथेच राहिला. आता घरभर केस. ताई दिवसातून चार-पाच वेळा झाडतात, तीनदा फिनाईलने पुसतात, कोपऱ्याकोपऱ्यात डांबरगोळ्या ठेवतात. तरी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या नणंदबाईंना बिबड्यात (ज्वारीच्या पापडात) केस सापडला आणि त्यांनी तो सगळ्यांसमोर दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "हाई घर शे का पांजरपोळ?" सासूबाईंना दोन-तीन महिन्यांपासून खोकला आहे आणि तो कुत्र्याच्या केसांमुळेच, असं पतींचं मत आहे. त्यांनी तीन उपाय सुचवले आहेत. कापूसची पूर्ण हजामत करायची, आठ दिवस भावाकडे ठेवून खोकल्याला फरक पडतो का बघायचं, नाहीतर मळ्यात सालदाराकडे पाठवून द्यायचं. मुलगा फोनवर म्हणतो, कापूसला पाठवलं तर मी घरी येणार नाही. श्रावणात त्यांच्या घरी कानबाई (खान्देशातली देवी) बसते, चाळीसेक माणसं जेवायला असतात. ताई विचारतात, "केस अजिबात दिसणार नाहीत असं घर ठेवायला काय करू? की त्याला खरंच पाठवून देऊ?" पत्राच्या शेवटी एक ओळ आहे. "दुपारी तो सासूबाईंच्याच खाटेखाली झोपतो, आणि त्या काही बोलत नाहीत."

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती. तुमच्या ह्यांनी सुचवलं, नणंदबाईंनी दाखवलं, सासूबाई बोलल्या, मुलगा रुसला. आणि झाडलं, पुसलं, निवडलं, धुतलं, पुन्हा झाडलं, ते सगळं तुम्ही. कापूसबद्दल मत प्रत्येकाला आहे, झाडू मात्र तुमच्या एकटीच्या हातात आहे. तेव्हा केस कसे काढायचे ते सांगतेच, पण ते कुणी काढायचे याबद्दलही बोलणार आहे. ते बोलल्याशिवाय पुढचं काहीच टिकायचं नाही.

आधी तुमचा प्रश्न. केस अजिबात दिसणार नाहीत असं घर कापूस असेपर्यंत होणार नाही. हे स्पष्टच सांगते, कारण या एका अपेक्षेपायी तुम्ही दिवसातून पाचदा झाडताय आणि पाचही वेळा स्वतःला कमी समजताय. आपल्याकडे सरसकट ज्याला पॉमेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा लांब आणि जरा राठ. खालचा मऊ, दाट, लोकरीसारखा. गळते ती मुख्यतः ही खालची लोकर. दिवस लहान-मोठा होतो, हवा बदलते, तसं त्याचं अंग जुनी लोकर टाकून नवी घेतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळा सरताना हे जास्त होतं. घरात राहणाऱ्या कुत्र्याला रात्री उशिरापर्यंत दिव्याचा उजेड असतो, त्यामुळे त्याचं थोडंफार गळणं वर्षभर चालूच राहतं. तुमच्या झाडण्यात काही उणं नाही.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला थांबवून गेली. गेल्या हंगामात भाव वाढायची वाट बघत तुमच्या मागच्या खोलीत कापूस भरून ठेवला होता, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. खरा कापूस, शेतातला. आपल्या खान्देशात किती घरांत हे दरसाल होतं! त्या दिवसांत तंतू घरभर उडतात, अंथरुणात जातात, अंगाला खाज सुटते, लेकरं रात्रभर खाजवतात. तेव्हा कुणी म्हणत नाही की हे घर आहे का काय आहे. तो माल घरचा असतो, त्याच्यासोबत राहावं लागतं हे सगळ्यांनी धरलेलं असतं. त्याच घरात चार पायांच्या कापसाचा एक केस निघाला की तो सुनेचा हलगर्जीपणा ठरतो. तुमच्या घरच्यांना दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाहीये. केस किती पडले यापेक्षा हा कुत्रा घरचा आहे की नाही, याचं उत्तर तुमच्या घरात अजून ठरलेलं नाही, असं मला दिसतं. मुलाने आणला तेव्हा तो मुलाचा होता. मुलगा गेला आणि तो कुणाचाच नाही म्हणून तुमचा झाला.

आता अपेक्षा बदलू. घरात तीन जागा अशा ठरवा की तिथे केस चालणारच नाही. स्वयंपाकघर, देवघर आणि तुमचं शिलाई मशीन. बाकीच्या घरात दिवसाच्या शेवटी चार केस दिसले तर दिसू द्या. तीन जागा सांभाळणं माणसाला जमतं, अख्खं घर सांभाळणं जमत नाही. स्वयंपाकघराला आणि देवघराला गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून गुडघ्याच्या वर येईल एवढं जाळीचं अर्धं दार करून घ्या. शिवणाची खोली वेगळी नसेल तर मशीनवर सुती खोळ आणि गिऱ्हाइकांचे कपडे बंद पिशवीत. मखमल आणि काळा पॉपलिन तर बाहेर ठेवूच नका. मशीनजवळ पॅकिंगची रुंद चिकटपट्टी ठेवा. कापड देण्याआधी हाताला उलटी गुंडाळून एकदा थोपटली की काम होतं.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे केस फरशीवरून उचलण्याऐवजी कुत्र्यावरून उचला. जी लोकर तीन दिवसांत घरभर पडणार आहे ती दहा मिनिटांत एका जागी काढता येते. त्यासाठी दोन वस्तू लागतात. एक चपटा ब्रश, ज्याला बारीक, टोकाशी वाकलेल्या तारा असतात. दुकानात 'स्लिकर ब्रश' म्हणून मागा. दुसरा, लांब दातांचा धातूचा कंगवा.

आमच्या जळगावच्या घरी अकरा वर्षं चिंगी होती, अशीच झुबकेदार. तिच्यावर शिकलेली पद्धत सांगते. जुनी सुती साडी अंथरायची, त्यावर तिला आडवं करायचं. डाव्या हाताच्या पंजाने केस उलटे वर धरायचे, म्हणजे खाली गुलाबी कातडीची रेघ दिसते, भांग पाडल्यासारखी. त्या रेघेपासून थोडे थोडे केस ब्रशने खाली ओढायचे, मग रेघ बोटभर वर सरकवायची. नुसता वरवर ब्रश फिरवला तर वरचे केस चमकतात आणि खालची लोकर तशीच राहते. बहुतेकांचं इथेच चुकतं. मग म्हणतात, रोज विंचरते तरी गळतातच. कानामागे, काखेत आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला गाठी होतात, त्या बोटांनी सोडवून मग कंगवा. ब्रशच्या तारा आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर ओढून बघा. तिथे जेवढा जोर सोसवतो तेवढाच त्याला द्या. पहिल्या दिवशी एवढी लोकर निघेल की तुम्ही घाबराल, दुसरं पिल्लू होईल एवढा ढीग. ती लगेच पिशवीत भरून तोंड बांधा. गच्चीवर मोकळी ठेवली तर वारा ती नेमकी शेजारच्या वाळवणावर नेतो.

पंधरा दिवस रोज दहा मिनिटं, मग दिवसाआड. पंधरा दिवसांनी फरशीवरचा फरक तुम्हाला दिसेल.

आंघोळ महिना-दीड महिन्यातून एकदा पुरे. तीही कुत्र्यांच्या शाम्पूने, कारण त्यांची कातडी आपल्यापेक्षा नाजूक असते. आपल्या साबणाने ती कोरडी पडते आणि मग केस अजूनच गळतात. आंघोळीआधी विंचरणं आवश्यक, नाहीतर पाण्याने गाठी आवळतात. आणि खाण्याकडे बघा. केस प्रथिनांचा बनतो आणि आपल्याकडे बहुतेक कुत्री दूध-पोळीवर जगतात. तुमच्याकडे चालत असेल तर उकडलेलं अंडं द्या, नाहीतर दही, पनीर. शेवभाजीचा उरलेला रस्सा मात्र कधीच नको. तिखटाचं सोडाच, त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो.

हजामतीबद्दल माझा अनुभव आहे आणि तो आठवला की अजून वाईट वाटतं. एका मे महिन्यात पारा पंचेचाळीसला गेला होता. चिंगी धापा टाकत होती. मी तिचे केस मशीनने पार कातडीपर्यंत काढून घेतले, तिला बरं वाटेल म्हणून. चार दिवसांत पाठ लाल झाली, सोलल्यासारखी. दुहेरी केसांच्या कुत्र्याचा तो झगा थंडीइतकाच उन्हापासूनही त्याला राखतो, हे मला पशुवैद्यांनी नंतर सांगितलं. केस परत यायला वर्ष गेलं आणि आले तेही ठिगळं लावल्यासारखे. आणि घरातले केस थांबले का? नाही. आधी लांब केस पडायचे ते दिसायचे, उचलता यायचे. नंतर बारीक टोचरे केस गोधडीत रुतून बसायला लागले. ह्यांना माझा हा अनुभव जरूर सांगा. पंजाखालचे आणि ढुंगणाजवळचे केस कापून घेतले तर स्वच्छतेला मदत होते, तेवढंच करा.

आता झाडणं. आजी अंगण झाडायच्या आधी पाणी शिंपडायची, आठवतं? कोरडं झाडलं तर धूळ उडते आणि परत तिथेच बसते, म्हणून. केसांचंही तेच आहे. कोरड्या फरशीवर फूलझाडू फिरवला की केस पुढे पळतात, हवेत उठतात, आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत पोचेपर्यंत पहिलीत खाली बसतात. त्यात डोक्यावर पंखा चालू असेल तर झाडणं नि न झाडणं सारखंच. पंखा बंद करा, पाच मिनिटं थांबा. घट्ट पिळलेलं फडकं सपाट मॉपला लावून भिंतीकडून दाराकडे एकाच दिशेने ओढत आणा. पुढे-मागे नाही. केसांची एक वळकटी तयार होते, ती हाताने उचला आणि कचऱ्यात टाका. मग हवं तर नेहमीसारखं पुसून घ्या. हे सकाळी एकदा. संध्याकाळी फक्त कापूस बसतो-झोपतो त्या जागा. पाच वेळांचं काम दीड वेळेवर येईल.

सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर बाथरूमचा रबरी वायपर छोट्या छोट्या झटक्यांनी ओढून बघा. झाडूला न निघालेले केस गोळा होऊन येतील. सोफ्यावर रबरी हातमोजा ओला करून फिरवा. चादरी मशीनमध्ये टाकण्याआधी कोरड्या असतानाच गच्चीवर झटका. एकदा केस ओला झाला की कापडाला चिकटतो आणि उरलेला मशीनच्या जाळीत जाऊन बसतो. ती जाळी दर वेळी साफ करा. कापूसला सासूबाईंच्या खाटेखाली एक घट्ट विणीची सुती चादर घडी करून द्या. सोलापुरी चादर नको, तिच्या जाड विणीत केस अडकतात. तो रोज त्याच जागी झोपणार असेल तर निम्मे केस त्याच चादरीवर मिळतील.

कूलर तुम्ही पत्रात लिहिलेला नाही, पण आपल्याकडे कूलर नसलेलं घर कुठलं? उन्हाळाभर कुत्रं कूलरच्या झोतात झोपतं आणि झोत त्याचे केस समोरच्या भिंतीशी, दिवाणाखाली नेऊन जमवतो. दिवाण एकदा ओढून बघा. कूलर खोलीच्या आतच ठेवलेला असेल तर तो मागून हीच हवा ओढतो आणि केस गवताच्या जाळ्यांना चिकटून कुजतात. आता पाऊस सुरू झालाय. झाकून ठेवण्याआधी टाकी कोरडी करा आणि गवत काढून टाका. फ्रिजच्या मागची जाळीही एकदा प्लग काढून ब्रशने साफ करा, तिथे केसांची चटईच असते.

फिनाईल तीनदा पुसताय, ते बंद करा. कापूस त्या ओल्या फरशीवर चालतो आणि मग पंजे चाटतो. साधं साबणाचं पाणी पुरतं. फरशी वाळेपर्यंत त्याला बाहेर ठेवा. डांबरगोळ्या तर आजच उचला. त्या खाल्ल्या तर कुत्र्याला विषबाधा होते आणि केसांवर त्यांचा काही उपयोग नाही. ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांनी तर फिनाईल घरात आणूच नये, मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. मांजरवाल्यांना बाकीचं सगळं असंच लागू आहे, फक्त ब्रश मऊ रबरी घ्या आणि ती उठून गेली की जाऊ द्या, धरून ठेवू नका. लॅब्रॅडोरवाल्यांना वाटतं की केस आखूड म्हणजे त्रास कमी. आखूड केस कापडात सुईसारखा घुसतो, तो निवडून काढणं लांब केसापेक्षा अवघड. त्यांनी रबरी ब्रश रोज वापरावा. आणि कुठल्याही प्राण्याला गोल टक्कल पडलं, खपली धरली, सारखं खाजवायला लागला, गोचीड दिसली, तर ते नेहमीचं गळणं नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. पावसाळ्यात होणारा गजकर्णासारखा बुरशीचा आजार माणसालाही लागतो.

आता सासूबाईंचा खोकला. हा विषय केसांपेक्षा मोठा आहे आणि तो आधी डॉक्टरांकडे जायला हवा. ७४ व्या वर्षी दोन-तीन महिने टिकलेला खोकला कुत्र्याच्या नावावर टाकून घरी बसू नका. छातीच्या डॉक्टरांना दाखवा. ते सांगतील तो एक्स-रे, थुंकीची तपासणी करून घ्या. आणि त्यांना सगळं सांगा, कापूस आहे हेही, मागच्या खोलीतली कपाशी होती हेही, कूलरचा कुबट वास येत असेल तर तेही, चुलीचा धूर असेल तर तोही.

कुत्र्यापासून दमा-खोकल्याचा त्रास काहींना खरोखर होतो. पण तो केसाने होत नाही. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात काही प्रथिनं असतात, ती या त्रासाच्या मुळाशी असतात. केस फक्त त्यांची वाहतूक करतो. हा कोंडा डोळ्यांना दिसत नाही, हलका असतो, हवेत बराच वेळ तरंगतो, गाद्या-पडद्यांत मुरतो. प्राणी घरातून गेला तरी तो कित्येक आठवडे, कधी महिने, घरात राहतो. म्हणून आठ दिवस भावाकडे ठेवून बघण्याच्या प्रयोगातून काहीच कळणार नाही. फरक पडला नाही तरी कापूस निर्दोष ठरत नाही, आणि हवा बदलून खोकला योगायोगाने थांबला तर तो दोषी ठरेल. ॲलर्जी आहे की नाही हे तपासणीने कळतं, ती करा. निघालीच, तर मग कापूसने सासूबाईंच्या खोलीत जायचं नाही, त्याला हात लावला की हात धुवायचे, आणि डॉक्टर सांगतील तितकं पुढचं करायचं. तेव्हा त्याला दुसरं घर बघणं हाही विचार करण्याजोगा पर्याय असेल आणि त्यात कुणी वाईट ठरणार नाही. पण तपासणीच्या आधी नको. दुसरी एक भीती मी पुष्कळ घरांत ऐकते, केस पोटात गेला तर आजार होतो. चुकून गिळलेला एखादा केस पोटातून तसाच बाहेर पडतो. जंतांची अंडी विष्ठेतून येतात, म्हणून कापूसला वेळेवर जंताचं औषध आणि आपल्याला जेवणाआधी साबणाने हात, एवढं पाळा.

मळ्याचं मला पटत नाही, आणि का ते सांगते. चार वर्षं फरशीवर, माणसांत वाढलेलं ते कुत्रं आहे. मळ्यातल्या कुत्र्यांचं आपलं राज्य असतं, ती त्याला राहू देणार नाहीत. त्याच्या लोकरीत गोखरू आणि गोचीड भरतील, विंचरायला तिथे कोण बसणार? कपाशीवर फवारणी सुरू झाली की साचलेलं पाणी तो पिणार. रात्री बिबट्याची धास्ती वेगळी. सालदार बिचारा दिवसभर राबून येणार, त्याच्या गळ्यात हे का घालायचं? नुसतं नेऊन वाऱ्यावर सोडणं तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. ताई, तुमच्याने खरंच होत नसेल, तुम्ही थकला असाल, तर तसं मोकळेपणाने म्हणा आणि त्याला हौसेने सांभाळेल असं माणूस शोधा, मुलाला सोबत घेऊन. पण 'मळ्यात पाठवू' म्हणजे डोळ्यांआड करू, एवढाच त्याचा अर्थ होतो.

बिबड्यातल्या केसाबद्दल. तो तुम्हाला फार लागलाय हे पत्राच्या अक्षरावरून दिसतं, तिथे पेन जोरात दाबलंय. तो केस कापूसने आणून टाकला नसेल. बहुधा तो तुमच्या पदरावरून आला. अन्नात केस जातो तो जास्त करून आपल्या कपड्यांवरून, आणि ज्वारीचा शिजवलेला चीक एवढा चिकट की पडलेला केस सुटत नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे एक जुना सुती शर्ट अडकवून ठेवा, आत जाताना साडीवर चढवायचा, बाहेर येताना तिथेच काढायचा. पुढच्या चैत्र-वैशाखात वाळवण गच्चीवर असेल तेव्हा कापूसला विंचरायची जागा अंगणात हलवा, गच्चीचं दार लावा, वाळवणाच्या खाटेवर मलमलीचं कापड पसरा. तेवढं केलं तर पुरतं.

ह्यांच्याशी बोलायचं कसं, तेही लिहिते, कारण 'बोला' असं सांगणं सोपं असतं. तक्रारीने सुरुवात नको आणि केस दाखवूनही नको. रात्री जेवणं झाली की ब्रश त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, "तुम्हाला घरात केस नकोत, मलाही नकोत. संध्याकाळी त्याला फिरवून आणता तेव्हा दारातच दहा मिनिटं हा फिरवा. झाडायचं मी बघते." फिरवायला तेच नेतात असं तुम्ही लिहिलंय, मग हे वेगळं काम नाहीच. ते विसरले तर तुम्ही उठून करू नका. दोन दिवस केस पडू द्या. हे तुम्हाला जड जाईल, मला ठाऊक आहे.

मुलाला फोनवर सांगा की रुसायचा हक्क मान्य आहे, पण त्यासोबत वाटाही आहे. कापूसच्या लसी, जंताचं औषध, नखं यांच्या तारखा त्याने पुण्यातून लक्षात ठेवायच्या आणि तुम्हाला आठवण करायची. सुट्टीत आला की विंचरणं त्याचं. असे कुत्रे बारा-चौदा वर्षंही जगतात, कापूस चार वर्षांचा आहे. ही सोय एका सणापुरती नाही.

सासूबाईंना काही समजवायला जाऊ नका. खंडोबाजवळ कुत्रा असतो, दत्ताच्या पायाशी चार असतात, असं कुणी तुम्हाला सुचवेल. ते त्यांना माहीत आहे, आणि सुनेने देवाचा दाखला दिला की ते उत्तर दिल्यासारखं होतं. त्यापेक्षा विचारा, "आई, कापूसने कुठपर्यंत यायचं ते तुम्ही सांगा." देवघराची रेघ त्यांना आखू द्या, अर्ध्या दाराची उंचीही त्यांनाच ठरवू द्या. ज्या बाईच्या खाटेखाली तो रोज दुपारी झोपतो आणि ती त्याला हाकलत नाही, ती त्याला कुठे जागा देईल ते बघा तर खरं.

कानबाईचं असं करा. नागपंचमीनंतरच्या रविवारी तुमच्याकडे बसणार, तर त्याच्या आधीच्या सोमवारी-मंगळवारी कापूसची आंघोळ उरका. आदल्या दिवशी घालू नका, आंघोळीनंतर दोन-तीन दिवस सैल झालेली लोकर भरभरून निघते. बुधवारपासून शनिवारपर्यंत रोज विंचरणं. गुरुवारी पडदे, चादरी. शुक्रवारी दिवाण, कपाट ओढून मागचं सगळं. नैवेद्याच्या रोटांचे गहू आणि दळण स्वयंपाकघरातच, झाकणाच्या डब्यात. रविवारी सकाळपासून सोमवारी विसर्जन होईपर्यंत कापूस वरच्या खोलीत, पाणी आणि त्याची चादर देऊन. हे पाहुण्यांसाठी आहे तितकंच त्याच्यासाठीही. चाळीस माणसं, वाजंत्री, शेपटी ओढणारी पोरं, बिथरून कुणाला दात लागला तर सणाचं सगळं त्यातच जाईल. रेबीजची लस वर्षाच्या आत झाली आहे ना, ते कार्ड काढून आजच बघा.

मुलाला शुक्रवारीच यायला सांगा. दिवाण ओढायला दुसरं माणूस लागतंच.